काळ्या मातीचं पेव

लेकरांनो, जवळ सरका. आज पेवाची गोष्ट सांगतो.

मी तुमच्याएवढा होतो तेव्हा उदगीरकडच्या आमच्या गावात ज्वारी पेवात ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी. वर माणूस उतरेल एवढंच तोंड. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. लिंपायचं काम माझ्याकडं असे. पेव उघडलं की मात्र कुणी लगेच उतरत नसे. आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा. एकदा माझ्या डोळ्यांदेखत तो फडफडला आणि विझला. वडील म्हणाले, "थांबा रे, अजून हवा कोंडलेली आहे."

कंदील कुणी विझवला? ज्वारीनं! दाणा जिवंत असतो, तोही श्वास घेतो. बंद पेवातला प्राणवायू संपत जातो आणि कर्बवायू साठतो. त्यात कीड मरते, दिवाही विझतो.

आता पायाखाली बघा. तिथं याहून कितीतरी मोठं पेव आहे, आणि त्यातही कर्बच साठलाय.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थरावर थर साचले. तो काळा दगड झिजून झिजून ही काळी माती झाली. माळावरचं गवत, रानातली ज्वारी, बांधावरची बाभूळ हवेतला कर्बवायू पानांनी ओढून घेतात आणि त्यातला कर्ब मुळापर्यंत पोचवतात. मुळं कुजली की त्यातला काही कर्ब मातीच्या बारीक कणांना घट्ट धरून राहतो. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात, कोपरापर्यंत हात जातो. त्यात पालापाचोळा आणि शेणाची भुकटी पडते. पहिल्या पावसात माती फुगते, भेगा मिटतात. झालं, पेवाचं तोंड लिंपलं!

आता हा पांढरा खडा घे. विहिरीच्या मातीतला आहे. त्यावर लिंबू पीळ. बघ, कसा फसफसला! मुळांनी सोडलेला कर्बवायू पावसाच्या पाण्यात मिसळतो, मातीतल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडते आणि पाणी आटलं की चुनखडीचा खडा उरतो. कुठल्याशा जुन्या पावसाळ्यात कोंडलेला वायू आत्ता तुझ्या तळहातावर सुटला.

जगभरच्या मातीच्या वरच्या एका मीटरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. सगळी हवा आणि सगळी झाडं मिळूनही एवढा कर्ब भरत नाही.

पण पेव फुटलं तर? १९५८ साली चार्ल्स कीलिंग हवाई बेटावर कर्बवायू मोजायला लागले, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता. आज ४२०च्या वर गेलाय. बहुतेक भर कोळसा आणि तेल जाळल्याची. पण माळ मोडून नांगरले, धसकटं पेटवली, शेणखत घालणं सोडलं, त्याचीही आहे. वर ऊन वाढलं की मातीतले सूक्ष्मजीव साठलेला कर्ब आणखी वेगानं खातात आणि तो हवेत परततो.

माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली आला की तो कमी समजतात. तशी माती पाणीही कमी धरते. आपल्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. थेंबाथेंबाचं मोल आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

म्हणून यंदा सोयाबीनचं भुसकट पेटवायचं नाही, रानात पसरायचं. आपल्या देवणी गायीचं शेण उकिरड्यात कुजवून रानात घालायचं. माळाचा एक तुकडा गवताला सोडायचा.

वडील पेव भरायचे तेव्हा तोंड लिंपायला मला हाक मारायचे. आज मी तुम्हाला मारतोय. चला, मातीला हात लावा.