मुद्रकही आरोपीच्या पिंजऱ्यात

वाचकाच्या हाती पडणाऱ्या कोणत्याही दैनिकात, पानाच्या तळाशी बारीक टायपात, मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची जी नावे छापलेली असतात, त्या प्रथेचे मूळ १८६७ च्या छापखाना व ग्रंथनोंदणी कायद्यात आहे. त्या कायद्यान्वये मॅजिस्ट्रेटपुढे केलेले सहीनिशी प्रतिज्ञापन हाच पुढे मुद्रकाविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा ठरे.

खटला : १५ जून १८९७ च्या ‘केसरी’तील शिवाजी-उत्सवविषयक मजकुरावरून दंडसंहितेच्या कलम १२४-अ अन्वये राजद्रोहाचा आरोप ठेवून सरकारने लोकमान्य टिळकांबरोबरच ‘केसरी’चे मुद्रक केशव महादेव बाळ यांनाही आरोपी केले आणि ८ सप्टेंबरपासून मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे, नऊ ज्यूरर बसवून, सुनावणी चालली.

निकाल : १४ सप्टेंबर रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले व त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, बाळ मात्र निर्दोष सुटले.

पुढे : लगोलग १८९८ मध्ये कलम १२४-अ अधिक व्यापक करण्यात आले, आणि १९१० च्या प्रेस ॲक्टाने तर, खटल्याची यातायातही न करता, नव्या छापखान्याच्या चालकाकडून ५०० ते २,००० रुपयांची अनामत मागण्याचा व आक्षेपार्ह मजकूर आढळल्यास ती जप्त करण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला.