नर्सिंगला लागलेल्या मुलीला लॅपटॉप की टॅब?

प्रवेशाची यादी लागली की वस्तीत पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच दिवशी आई-वडील विचारायला येतात, "मॅडम, लॅपटॉप घ्यावा लागेल का हो?" कॉलेजच्या सूचनापत्रात लॅपटॉप किंवा टॅब असावा, अशी एखादी ओळ असते. ती वाचून कुणी बचत गटाचं कर्ज काढतं, कुणी सोनाराकडे जातं. आम्ही अनेक वर्षं वॉर्डात काढली, आता वस्त्यांमधल्या मुलामुलींचे प्रवेशाचे फॉर्म भरतो. आमचं पहिलं सांगणं एकच: प्रवेशाच्या आठवड्यात काहीही विकत घेऊ नका.

पहिल्या वर्षाचं नर्सिंग अजूनही हातानं लिहायचं असतं. प्रोसिजर बुक, केअर प्लॅन, केस स्टडी, ड्रग बुक, हेल्थ टॉकचे चार्ट, सगळं पेनाने आणि स्केचपेनाने. वॉर्डात मोबाईलसुद्धा पर्समध्ये ठेवायला लावतात, तिथे टॅब कोण काढू देणार? त्या वेळी पैसे लागतात ते दोन गणवेश, चांगले बूट, स्टेथोस्कोप, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि पुस्तकं यांना. बुटांत काटकसर करू नका. सहा तास उभं राहणाऱ्या मुलीचे पाय तिला पहिल्या महिन्यातच रडवतात.

मग कॉम्प्युटर लागतो कधी? हे कोर्सवर ठरतं. दोन वर्षांच्या एएनएमला मोबाईलवर निभतं. तीन वर्षांच्या जीएनएमला शेवटच्या वर्षी संशोधन आणि संख्याशास्त्राची ओळख असते, तेव्हा टाईप करणं आणि तक्ते बनवणं आलंच. चार वर्षांच्या बी.एस्सी.ला मात्र तो लवकर लागतो. 2021 च्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी दुसऱ्या सत्रात आरोग्य माहिती-तंत्रज्ञानाचा विषय आहे. पुढे सेमिनारसाठी पीपीटी, शेवटी संशोधन प्रकल्प. आणि नोकरीसाठी एम्सची नॉरसेटसारखी परीक्षा कॉम्प्युटरवरच द्यायची. आयुष्यात माऊस न धरलेली मुलगी तिथे उत्तर येत असूनही वेळेत मागे पडते.

म्हणून एकच वस्तू परवडणार असेल तर आम्ही लॅपटॉप म्हणतो. टॅब वाईट नाही. जाडजूड इंग्रजी पुस्तकाची पीडीएफ मोबाईलवर वाचून डोळे लाल करण्यापेक्षा दहा इंची टॅब बरा, आणि वीज गेली तरी तो तासन्‌तास चालतो. पण त्यावर वीस पानांचा प्रकल्प टाईप करून बघा! मग कीबोर्ड वेगळा घ्या, कव्हर वेगळं घ्या, आणि बिल जुन्या लॅपटॉपच्या जवळ जातं.

जुना म्हणजे वापरलेला लॅपटॉप घ्यायला लाजू नका. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले लॅपटॉप मजबूत असतात. दुकानातला नवा, सर्वांत स्वस्त लॅपटॉप बहुतेक वेळा 4 जीबी रॅम आणि 64 जीबीच्या ईएमएमसी साठवणीचा असतो. वर्षभरात तो इतका रेंगाळतो की मुलगी पुन्हा मोबाईलकडे वळते. त्यापेक्षा 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडी असलेला जुना कितीतरी बरा.

जुना घेताना एक गोष्ट पक्की तपासा. 14 ऑक्टोबर 2025 पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार बंद केला आहे. लॅपटॉप विंडोज 11 साठी मान्य असलेला हवा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ओळखायचं कसं? स्टिकरवर नाही, सेटिंगमध्ये पाहा. आय-5 नंतर 8250 लिहिलं असेल तर पहिला 8 म्हणजे आठवी पिढी. 6200 किंवा 7200 असेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी उठून या. तिथेच चार्जर काढून अर्धा तास चालवा, प्रत्येक बटण दाबून पाहा, कॅमेरा आणि वायफाय लावा, बिजागरी हलते का पाहा. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, नाहीतर चोरीचा माल गळ्यात पडायचा. आणि लिहायला महागडं ऑफिस सॉफ्टवेअर लागत नाही. लिब्रेऑफिस फुकट मिळतं, त्यात मराठीही टाईप होतं.

हप्त्यावर घेणार असाल तर "शून्य व्याज" या शब्दावर जाऊ नका. प्रोसेसिंग फी किती, रोख घेतला तर किंमत किती कमी, एवढं विचारलं की व्याज कुठे लपवलंय ते दिसतं. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात भोजन-निवासाशिवाय शैक्षणिक साहित्यासाठी वेगळी रक्कम धरलेली आहे. समाजकल्याण कार्यालयात विचारून तिचा अर्ज जरूर भरा. मात्र शिष्यवृत्ती येईल या भरवशावर हप्ता बांधू नका. ती कधी खात्यात पडेल याचा नेम नसतो आणि हप्त्याची तारीख चुकत नाही.

ज्यांना हेही झेपत नाही त्यांच्यासाठी वस्तीनेच काही करायला हवं. 14 एप्रिलला डीजेच्या एका रात्रीवर मंडळं जेवढं उधळतात, तेवढ्यात विहारात एक जुना डेस्कटॉप आणि प्रिंटर बसतो. संध्याकाळी दोन तास दार उघडं ठेवलं आणि वहीत नावं लिहिली, तर चार-पाच मुलींचे प्रकल्प तिथेच पूर्ण होतात. मंडळाच्या बैठकीत हा विषय बायांनीच काढावा, असं आमचं मत आहे.

यंत्र घरी आल्यावर दोन गोष्टी. रुग्णाचा फोटो किंवा केसपेपर त्यात साठवायचा नाही, केस स्टडीत नावही घालायचं नाही. आणि लॅपटॉपचा पासवर्ड मुलीकडेच राहू द्या. भावाच्या गेमपायी आणि मामाच्या सिनेमापायी प्रकल्पाच्या फाईली उडालेल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्या फाईलींची एक प्रत दर रविवारी पेनड्राईव्हवर घ्यायला सांगा.