हिशेबाच्या वहीचं मागचं पान

दूध-किराण्याचा हिशेब आपण वहीत लिहितोच. त्याच वहीच्या मागच्या पानावर रोज दोन ओळी स्वतःसाठी लिहा: आज काय आवडलं, काय खटकलं. रमाबाई रानडे लग्नानंतर लिहाय-वाचायला शिकल्या, घरातल्या बायकांची बोलणी सोसून. १९१० साली त्यांच्या आठवणींचं पुस्तक निघालं. ते गटात वाचा. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

फिरायला लांबच जावं असं नाही. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. जेऊरहून करमाळ्याला जा, कमलाभवानीचं दर्शन घ्या, तिथली ९६ पायऱ्यांची बारव पाहा. घरी आल्यावर तेही वहीत उतरवा. लिहिता येत नसेल तर तुम्ही सांगा, लेक लिहील. दिवसभर घरासाठी राबतोच. ही दहा मिनिटं आपली.