नामाचा सोबती

बँकेच्या सेवेत असताना एका कर्जदारास पाठवावयाच्या इंग्रजी पत्रात मी ‘रिडक्शन ऑफ’ऐवजी ‘रिडक्शन टू’ असे लिहिले. २००० रुपयांचा हप्ता ५०० रुपयांनी कमी व्हावयाचा होता. पत्रानुसार तो ५०० रुपयांवरच आला! वरिष्ठांची नजर पडली, म्हणून अनर्थ टळला.

इंग्रजी नामापुढील शब्दयोगी अव्यय अर्थच पालटते. ‘इंटरेस्ट ऑन’ म्हणजे कर्जावरील व्याज, तर ‘इंटरेस्ट इन’ म्हणजे मालमत्तेतील हितसंबंध. येथे आपले ‘वर’ आणि ‘त’ वाट दाखवितात. मात्र ‘समस्येवर उपाय’ इंग्रजीत लिहिताना तोच ‘वर’ वाट चुकवितो. तेथे ‘सोल्यूशन ऑन’ नव्हे, ‘सोल्यूशन टू’ हवे. म्हणून मुलांकडून इंग्रजी नाम एकटे नव्हे, सोबत्यासह पाठ करून घ्यावे.