नगरांतील वंचित बालके आणि स्वयंसेवी संस्था : स्थळ आणि वेळ यांचा विचार

वस्तीजवळ शाळा असणे आणि मुलाला त्या शाळेत जाता येणे, या दोन भिन्न गोष्टी होत. मुंबई-पुण्यासारख्या शहरात महानगरपालिकेची प्राथमिक शाळा झोपडवस्तीपासून सहसा फार दूर नसते. तेथे शुल्क पडत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला असून ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास त्याचे संरक्षण आहे. असे असूनही अनेक मुले पटावर येत नाहीत आणि आली तरी टिकत नाहीत. याचे कारण शाळेच्या रचनेतच अंशतः दडलेले आहे. मुलाचा दिवसाचा ठरावीक भाग मोकळा आहे आणि त्याच्या कुटुंबाचा पत्ता निदान वर्षभर स्थिर आहे, या दोन गोष्टी शाळा गृहीत धरते. नळाला पाणी येण्याची वेळ सांभाळणारी, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसणारी, अथवा आईबापांचे काम संपताच दुसऱ्या बांधकामावर मुक्काम हलविणारी मुले या गृहीतात बसत नाहीत. नगरांतील स्वयंसेवी कार्याचा खरा प्रांत येथून सुरू होतो, आणि त्या कार्याचे मूल्यमापनही याच दृष्टीने करणे उचित ठरते.

या कार्याचे ऐतिहासिक दृष्ट्या दोन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह मुलाला त्याच्या परिस्थितीतून बाहेर काढण्याचा होय. मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये बालकांविषयीचा कायदा झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी ही संस्था मुंबईत स्थापन झाली. निराधार, सोडून दिलेल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांना निवारा देणारी बालगृहे ही या विचाराची निष्पत्ती. ज्या मुलास कोणीच नाही, त्याच्यासाठी अशा व्यवस्थेची आवश्यकता आजही आहे. परंतु शहरांतील बहुसंख्य दरिद्री मुले निराधार नसतात. त्यांना आईबाप असतात, माया असते. उणीव असते ती वेळेची, जागेची आणि पैशाची. अशा मुलाला घरापासून तोडणे हा उपाय रोगापेक्षा जड होय.

दुसरा प्रवाह संस्थेनेच मुलाच्या दारी जाण्याचा आहे, आणि त्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात श्रमिकांसाठी रात्रीची शाळा चालविली. पुढे १९११ मध्ये ना. म. जोशी यांच्या पुढाकाराने मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन झाली. गिरण्यांच्या पाळ्या ध्यानात घेऊन कामगारांसाठी रात्रीचे वर्ग, वाचनालये व ग्रंथालये तिने चालविली. १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाडा येथे नेबरहुड हाउस उभारून त्या दाट वस्तीतच कार्य आरंभिले. त्या अनुभवातून प्रशिक्षित कार्यकर्त्यांची निकड स्पष्ट झाली आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. समाजकार्याचे विद्यापीठीय अध्ययन आपल्याकडे वस्तीतील कार्याच्या पोटी जन्मास आले, हे अभ्यासकांनी विसरू नये.

स्वातंत्र्योत्तर काळात शहरे वाढली तसे बांधकाम मजुरांचे तांडेही वाढले. बांधकामाच्या जागी आई विटा वाहते आणि तिचे मूल तेथेच वाळूच्या ढिगाऱ्यावर वाढते. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी अशा मुलांसाठी बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर सुरू केले. मोबाईल क्रेशेस हे त्या संस्थेचे नाव. १९७० च्या दशकात हे कार्य मुंबईतही आले. या योजनेचे मर्म असे की, तान्ह्या मुलाची सोय होताच त्याला सांभाळणारी सात-आठ वर्षांची बहीणही मोकळी होते. पाळणाघर हे अशा रीतीने मोठ्या मुलीच्या शाळेचे प्रवेशद्वार ठरते. पुढे १९९६ च्या बांधकाम कामगारविषयक केंद्रीय कायद्याने, पन्नासहून अधिक स्त्री कामगार सामान्यतः कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र खोलीची तरतूद बंधनकारक केली. परंतु ज्या लहान बांधकामांवर दहा-वीसच स्त्रिया असत, तेथील मुले या तरतुदीच्या कक्षेबाहेर राहिली.

मुंबईत १९८८ मध्ये बीना शेठ लष्करी आणि रजनी परांजपे यांनी आरंभिलेल्या डोअर स्टेप स्कूलने हाच विचार शिक्षणाला लावला. संस्थेचे नावच तिची पद्धती सांगते. वस्तीत वर्ग भरवावेत, मुलांना वाचनाची गोडी लावावी आणि मग त्यांना महापालिकेच्या शाळेत दाखल करावे, असा हा क्रम आहे. पदपथावर राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत वर्गापुरतीही जागा मिळत नाही. तेथे बसगाडीचाच वर्ग करण्यात आला. गाडी ठरल्या वेळी ठरल्या जागी थांबते, मुले आत शिरतात, दोन-अडीच तासांनी ती पुढच्या वस्तीकडे जाते. पुण्यात याच संस्थेने बांधकामांवरील मुलांमध्ये काम केले. येथे अडचण निराळीच असते. इमारत पुरी झाली की कुटुंब हलते आणि शिक्षणाचा धागा तुटतो. मुलाची नोंद एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे पोहोचली नाही, तर त्याला पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागतो.

मूल शाळेत बसले, तरी ते शिकतेच असे नाही. या प्रश्नाला १९९० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने हात घातला. वस्तीतीलच शालान्त शिक्षण झालेली तरुणी ‘बालसखी’ म्हणून नेमावी; तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुले शाळेच्या वेळातच सुमारे दोन तास तिच्याकडे द्यावीत; आणि तिने त्यांचे वाचन व गणित पायापासून पक्के करावे, अशी ही योजना. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडेन यांनी मुंबई आणि बडोदा येथे तिचे परीक्षण केले व निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध केले. बालसखी मिळालेल्या शाळांतील सरासरी गुणांत पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतकी वाढ आढळली. शंभर मुलांच्या रांगेत मध्यावर असलेले मूल सुमारे अकरा स्थाने पुढे सरकावे, इतका हा दुसऱ्या वर्षीचा लाभ होय. तो मुख्यतः बालसखीकडे गेलेल्या मुलांनाच झाला. उरलेल्या मुलांचा वर्ग लहान झाला, तरी त्यांची प्रगती विशेष वाढली नाही. मुलांची संख्या घटविण्यापेक्षा मुलाच्या पायरीवर उतरून शिकविणे अधिक फलदायी ठरते, असा याचा अर्थ. मात्र योजना संपल्यानंतर एका वर्षाने लाभ घटून सुमारे ०.१० वर आला. साहाय्य थांबले की त्याचा परिणामही ओसरतो, ही या संशोधनातील कटू पण मोलाची नोंद आहे.

चौदा वर्षांनंतरच्या वयाचा प्रश्न आणखी बिकट आहे. शिक्षणहक्काचे संरक्षण तेथे संपते आणि २०१६ च्या सुधारणेनुसार १४ ते १८ वयातील मुलांना धोकादायक उद्योग वगळता कामावर ठेवण्यास मुभा आहे. दिवसा दुकानात, कार्यालयात किंवा उपाहारगृहात राबणाऱ्या तरुणास शालान्त परीक्षेची वाट रात्रशाळेतूनच जाते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मागे पडल्या. परंतु रात्रशाळांची गरज उरलीच. मुंबईत २००८ पासून ‘मासूम’ ही संस्था रात्रशाळांना साहाय्य करीत आहे. तिच्या कामात सायंकाळच्या आहाराला स्थान आहे. कामावरून थेट वर्गात आलेला उपाशी विद्यार्थी बीजगणित समजू शकत नाही, हे त्यामागील साधे सत्य होय.

संकटाला तर वेळच नसते. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या क्षेत्रकार्यातून १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली चाइल्डलाइन ही १०९८ क्रमांकाची दूरध्वनी सेवा अहोरात्र चाले. पुढे ती देशभर पसरली आणि २०२३ पासून शासनाने तिचे संचालन स्वतःकडे घेऊन ११२ या आपत्कालीन सेवेशी तिची जोडणी आरंभिली. स्वयंसेवी प्रयोगास शासनाने आपलेसे करावे, हे त्याचे यशच आहे. तथापि हाक ऐकणारा कार्यकर्ता मुलाच्या ओळखीचा राहील काय, या प्रश्नावर त्या यशाचे मोल अवलंबून राहील.

वरील सर्व उदाहरणांतून काही कसोट्या हाती लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले, त्यामुळे अशा संस्थांकडील निधीचा एक मार्ग रुंदावला. पण देणगीदाराचे वर्ष मार्चअखेर संपते, मुलाचे शिक्षण मात्र दहा वर्षे चालते. अहवालात यंदा किती मुलांना ‘लाभ’ झाला याची गणती असते. तीन वर्षांपूर्वीची तीच मुले आज कोठे आहेत याची क्वचित असते. वस्तीतील तरुणीच्या अल्प मानधनावर साऱ्या योजनेचा डोलारा उभा असतो, आणि ती गेली की मुलाचा विश्वासही तिच्यासोबत जातो. म्हणून कोणत्याही कार्यक्रमाविषयी तीन प्रश्न विचारावेत. तो मुलाच्या वेळेशी जुळतो काय? कुटुंब हलले तर तो मुलाचा माग ठेवतो काय? आणि अखेरीस तो मुलाला सार्वजनिक शाळेच्या बाकावर नेऊन बसवितो व तेथे टिकवितो काय? शाळेला पर्याय होऊन बसणारा वर्ग कितीही प्रेमाने चालविला, तरी गरिबाच्या मुलासाठी तो वेगळा आणि थिटा दरवाजा ठरतो. मुलाबरोबर शाळेपर्यंत चालत जाणे आणि त्याच्या दिवसाकडे पाहण्यास शाळेलाही शिकविणे, यातच स्वयंसेवी कार्याची सार्थकता आहे.