मोजणी आणि शक्यता (भाग ९) : लोणंदमधले दोन ‘एन’

सशर्त संभाव्यता आज नाही. तिचं आश्वासन गेल्या आठवड्यात दिलं होतं, पण मधल्या दिवसांत लोणंदच्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न इतका नेमका आहे की तो बाजूला ठेवून पुढे जाववत नाही. ती एमबीएच्या सीईटीची तयारी करते आहे.

शब्दातली अक्षरं फिरवण्याचा सराव तिने आपल्या गावाच्या इंग्रजी स्पेलिंगवर केला. एल, ओ, एन, ए, एन, डी. अक्षरं सहा, त्यांत एन दोनदा. सहाचं क्रमगुणित ७२०, दोन एन सारखे म्हणून भागिले दोन, रचना ३६०. दोन्ही एन शेजारी हवेत तर त्यांची जोडी एकच अक्षर धरायची, मग वस्तू उरतात पाच आणि रचना १२०. म्हणजे एन शेजारी येण्याची संभाव्यता एक-तृतीयांश. मग तिने एका एनला लाल शाई लावली आणि दुसऱ्याला निळी. आता सहाही अक्षरं वेगळी. एकूण रचना ७२०, शेजारी एन असलेल्या २४०, उत्तर पुन्हा एक-तृतीयांश. ती विचारते, ‘दोन्ही बरोबर असेल तर तीन आठवडे आम्हाला दोनने भागायला का लावलंत?’

कारण ते तीन आठवडे आपण नुसतं मोजत होतो. ‘किती?’ या प्रश्नाला सारखं काय आणि वेगळं काय हे ठरवल्याशिवाय उत्तरच नसतं. नीरा, लोणंद, सालपे, आदर्की, वाठार या पाच स्टेशनांत तिकिटं वीस निघाली आणि भाडी दहाच, ती याच कारणाने. लोणंद–वाठार आणि वाठार–लोणंद ही दोन तिकिटं, पण भाडं एक.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त, अंकपाश या प्रकरणात, नेमका हाच विवेक आहे. हरीच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म अदलून-बदलून दिले तर मूर्ती किती होतील? चोवीस. संध्येत केशवापासून श्रीकृष्णापर्यंत चोवीस नावं घेतात, आणि मूर्तिशास्त्रात त्या चोवीस मूर्ती ओळखतात त्या कोणतं आयुध कोणत्या हातात आहे यावरूनच. गणित आणि शिल्पकाराची यादी इतकी चोख जुळलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. शंभूच्या दहा हातांतल्या दहा आयुधांचे प्रकार होतात ३६,२८,८००. याच प्रकरणात सारखे अंकही येतात. २, २, १, १ या अंकांच्या चार अंकी संख्या किती आणि त्यांची बेरीज किती? संख्या सहा, बेरीज ९,९९९. क्लासच्या पुस्तकात ‘सर्व संख्यांची बेरीज काढा’ असं उदाहरण दिसलं की ते साडेआठशे वर्षांहून जुनं आहे हे लक्षात असू द्या.

पण अंकपाशात शक्यतेचा प्रश्न नाही. शक्यता आली की रचना नुसत्या मोजून भागत नाही, प्रत्येक रचनेचं वजन सारखं आहे का हे पाहावं लागतं. आपल्या दहावीच्या पुस्तकात याला समसंभाव्य म्हणतात. मुलं हा शब्द पाठ करतात आणि गणित सोडवताना हमखास विसरतात.

लोणंदच्या ३६० शब्दांपैकी प्रत्येकाच्या पोटात रंगीत शाईचे बरोबर दोन शब्द आहेत. कुणाच्या पोटात एक आणि कुणाच्या तीन, असं नाही. म्हणून अंश आणि छेद दोन्ही दोनने भागले जातात आणि अपूर्णांक जागचा हलत नाही. तिची दोन उत्तरं जुळली ती यामुळे.

आता हेच जिथे जमत नाही ते उदाहरण घेऊ, आणि लोणंदचं पत्र आहे तर कांद्याचंच घेऊ. पिशवीत पाच लाल कांदे आणि तीन पांढरे. न बघता दोन काढले. एक लाल आणि एक पांढरा येण्याची संभाव्यता किती? ‘लाल कांदे सगळे सारखेच, मग प्रकार तीनच: दोन्ही लाल, दोन्ही पांढरे, एकेक. उत्तर एक-तृतीयांश.’ असं म्हणणारा विद्यार्थी आळशी नसतो. सारख्याला सारखं म्हणायचं हे तो तीन आठवडे मनापासून शिकला आहे. मात्र आठ कांद्यांवर मनातल्या मनात आकडे घाला. जोड्या २८ होतात. दोन्ही लाल १०, दोन्ही पांढरे ३, एकेक १५. उत्तर १५/२८. तीन प्रकारांच्या पोटात दहा, तीन आणि पंधरा इतकी विषम भर आहे, त्यांना समान वजन कसं देणार?

इथे घसरणाऱ्याला थोर सोबत आहे. फ्रेंच गणिती दालांबेर याने १७५४ मध्ये तिथल्या विश्वकोशात लिहिलं, की नाणं दोनदा उडवून निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता दोन-तृतीयांश. त्याचा युक्तिवाद असा: पहिल्याच वेळी छापा आला की खेळ संपला, म्हणून शक्यता तीनच, छापा, काटा-छापा आणि काटा-काटा. खरं उत्तर तीन-चतुर्थांश, कारण पहिल्या छाप्याचं वजन बाकीच्या दोघांच्या दुप्पट आहे. त्याच्या शंभरहून अधिक वर्षं आधी गॅलिलिओने जुगाऱ्यांची अशीच एक शंका सोडवली होती. तीन फासे टाकून नऊ बेरीज सहा प्रकारांनी येते आणि दहाही सहाच प्रकारांनी, तरी दहा जास्त वेळा का पडते? फाशांना तीन रंग दिले की दिसतं: २१६ पैकी नऊच्या वाट्याला २५ आणि दहाच्या वाट्याला २७. इतका बारीक फरक नुसत्या खेळण्यातून ओळखणाऱ्या त्या जुगाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.

म्हणून माझा आग्रह असा, की संभाव्यतेच्या गणितात वस्तू सारख्या असल्या तरी त्यांना आकडे घाला. मोजणीच्या गणितात घालू नका.

याला निसर्गात एक अपवाद आहे आणि तो एका भारतीयाने दाखवला. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइनला एक निबंध पाठवला. आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापवला. त्यांच्या मोजणीत दोन प्रकाशकण दोन कप्प्यांत ठेवण्याचे प्रकार तीनच आणि प्रत्येकाचं वजन सारखं. त्या कणांवर आकडे घालताच येत नाहीत. नाणी, कांदे आणि फासे मात्र आकड्यांना नाही म्हणत नाहीत.

परीक्षेत हा अपवाद वेगळ्या वेषात येतो. तीन सारखे लाडू तिघांत वाटायचे. वाटण्या दहा. प्रत्येकाला एकेक मिळण्याची संभाव्यता किती? प्रत्येक लाडू स्वतंत्रपणे कुणालाही दिला असेल तर २७ पैकी ६, म्हणजे २/९. पण ‘सर्व वाटण्यांमधून एक यादृच्छिकपणे निवडली’ असं लिहिलं असेल तर १/१०. चिठ्ठी कशाची उचलली, लाडवाच्या मालकाची की वाटणीची, हे वाक्यात शोधा. सूत्र नंतर.

वेळेचंही पाहा. आपल्या सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. लोणंदचं गणित ३६०वरून करायला तेवढी सहज जातात. त्यापेक्षा फक्त जागा बघा. सहा जागांतून दोन एनसाठी जोडी निवडण्याचे प्रकार १५, त्यांत शेजारच्या जोड्या ५. झालं उत्तर. ओ आणि ए हे स्वर शेजारी येण्याची संभाव्यताही तीच, कारण जागांना अक्षरांशी देणंघेणं नाही.

पत्र लिहिणाऱ्या मुलीसाठी आणि सगळ्यांसाठी आता एक उदाहरण: त्याच सहा अक्षरांत दोन्ही एन शेजारी आणि दोन्ही स्वरही शेजारी येण्याची संभाव्यता काढा. एक-तृतीयांश गुणिले एक-तृतीयांश, म्हणजे एक-नवमांश, असं उत्तर आलं तर ते चूक आहे. ते का चूक, तिथून पुढच्या आठवड्यात सशर्त संभाव्यता सुरू करू.