जाम झालेला सस्पेन्शनचा बोल्ट : हातोड्याआधी ब्रश

पावसाळा सरला की जळगाव-धुळ्याच्या गॅरेजवर एक ठरलेली तक्रार येते. गाडी एका बाजूला झुकते, पुढचे टायर एकाच कडेने झिजतात. अलाइनमेंटला नेली तर उत्तर मिळते, "बोल्ट जाम आहे, आधी तो मोकळा करून आणा." मग गाडीमालक किंवा नवशिका कारागीर दारातच पाइप आणि हातोडा घेऊन बसतो. काही वेळात बोल्ट तुटतो आणि थोडक्यात होणारे काम मोठ्या खर्चात जाते. हे टाळता येते, म्हणून या विषयावर आम्ही थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

तापी, गिरणा, पांझरेच्या काठची काळी माती ओली असताना चिकटते व वाळली की दगडासारखी बसते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांतून फिरणाऱ्या गाडीखाली पाहा, बोल्ट कोठे आहे हेच दिसत नाही. या मातीत ओल टिकते व गंज वाढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आट्यांमधील बारीक फट भरून जाते. अशा ठिकाणी नुसता जोर वाढवला तर गंजाच्या आधी बोल्टच हार खातो.

कमी-जास्त करता येणारे भाग मुख्यतः दोन. एक टाय रॉडचा चेक नट, ज्यावर चाकांची दिशा ठरते. दुसरा टॉर्शन बारचा उंचीचा बोल्ट. टॉर्शन बार म्हणजे स्वतः पिळली जाऊन गाडीचे वजन पेलणारी लांब सळई. १९९८ साली आलेल्या टाटा सफारीला पुढे हीच रचना होती. २०१४ साली उत्पादन थांबलेल्या अॅम्बेसेडरलाही अनेक वर्षे पुढे टॉर्शन बारच होता.

प्रथम जिवाचे. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नये, विटा किंवा दगड रचून तर मुळीच नाही. चेसिसखाली मजबूत घोड्या लावाव्यात, मागच्या चाकांना ओट द्यावी. टॉर्शन बारच्या बोल्टला हात लावण्याआधी पुढची चाके मोकळी लोंबू द्यावीत, म्हणजे बोल्टवरचा ताण कमी होतो. पण तो पूर्ण जात नाही. म्हणून तो बोल्ट योग्य हत्याराशिवाय पूर्ण काढू नये. सळईत साठलेला जोर सुटला तर हात राहत नाही.

मग ब्रश. माती धुऊन आटे तारेच्या ब्रशने चकचकीत करावेत, कारण तेल चिखलातून आत जात नाही. बाहेर दिसणारे आटे मोजून लिहून ठेवावेत. नंतर गंज सोडवणारे तेल मारून गाडी रात्रभर तशीच ठेवावी, सकाळी पुन्हा मारावे. ब्रेकच्या डिस्कवर तेल उडू देऊ नये. बाजारात सर्रास मिळणारे डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत ओल हटवण्यासाठी तयार झाले. सुरुवातीला ते उपयोगी आहे, पण आपल्याकडे काही जण ते ग्रीस म्हणूनही वापरतात, ते बरोबर नाही.

सोडवताना उघड्या तोंडाचा पाना बाजूला ठेवून सहा कोनी गोटी पाना घ्यावा. नटावर हलके ठोके द्यावेत, आधी किंचित आवळून पाहावे, मग सैल करावे. थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा तेल, असे चालावे. पाना रबरासारखा लवचिक लागू लागला तर नट फिरत नसून बोल्ट पिळतो आहे हे ओळखावे व थांबावे. मधली नळी फिरवून लांबी बदलणाऱ्या टाय रॉडच्या एका टोकाला आटे उलटे असतात. ते न पाहता कित्येक जण सोडवण्याच्या नादात नट आवळत बसतात!

आगीचा उपाय आमच्या मते शेवटचा. एक मीटर पोलाद १०० अंशांनी तापवले तर जेमतेम १.२ मिलिमीटर वाढते. म्हणजे छोट्या नटात फरक केसाइतकाही पडत नाही, पण गंजाची पकड मोडायला तेवढा पुरतो. तेल पुसून घ्यावे आणि फक्त नट तापवावा, बोल्ट नाही. ज्योत बाजूला करून आट्यांना मेणबत्ती टेकवली की वितळलेले मेण आत ओढले जाते. ही जुन्या मिस्त्रींची युक्ती खरोखर चालते. मात्र स्प्रिंग आणि टॉर्शन बार यांना ज्योत लावू नये, त्यांचे पाणी उतरते व पुढे ते रस्त्यात मोडतात. शॉकअॅब्सॉर्बरमध्ये तेल व कित्येकदा दाबाखालचा वायू असतो, तो तापून फुटू शकतो. रबरी बुश, ब्रेकचा होज व पेट्रोलची नळी जवळ असेल तर गॅस पेटवूच नये.

धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट. बोल्ट तुटण्याची शक्यता आणि त्याची किंमत ग्राहकाला काम हातात घेण्याआधी सांगावी. रात्रभर गाडी ठेवण्याचे कारणही सांगावे. नंतर सांगितले की तेच भांडण होते. गाडी मूळ मापापेक्षा उंच करून मागणाऱ्या तरुणांना १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ दाखवावे. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर त्यात बंधने आहेत.

परत बसवताना आट्यांना ग्रीस लावावे, लिहून ठेवलेले माप जुळवावे आणि गाडी त्याच दिवशी अलाइनमेंटला पाठवावी.